बहिणीची सही

घर विकायला काढलं तेव्हा दादाने गळका नळ बदलला, कुरकुरत्या दाराला तेल घातलं. सख्ख्या बहिणीची सही लागेल, हे मात्र त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"वडिलांच्या घरात तिचाही हिस्सा आहे. तिच्या सहीशिवाय व्यवहार अडला, तर करार तुम्हीच मोडला असं होईल," घेणाऱ्यांच्या वकीलबाई ऐन खरेदीखताच्या दिवशी म्हणाल्या.

वर्षानुवर्षांचा अबोला गिळून दादाने फोन लावला. बहीण आली आणि तिने सही केली.

"तुझा हिस्सा देतो," तो म्हणाला.

"हिस्सा राहू दे. रुसून मी तिथं पाऊल टाकलं नाही, दादा. पण पाऊल न टाकायला तरी मला एक माहेर होतं."