बुटक्याचा ठिपका

या मायबापहो, जरा पुढे सरका. लांब बसलं की गोष्ट अर्धीच कानी पडते, आणि ही अर्धी ऐकाल तर उगाच एका बाईला बोल लावाल.

ती बाई प्रोग्रामर. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीसाठी तिनं एक बोलका मदतनीस केला होता. गडी हुशार, पण विसराळू. काल शिकवलेलं आज पाटी कोरी. म्हणून तिनं त्याला आठवणींचं जाळं विणून दिलं. प्रत्येक लिफ्टचा एक ठिपका, बिघाडाचा एक, उपायाचा एक, आणि मधे नात्यांचे दोरे. दोन वर्षं म्हाताऱ्या मिस्त्रीसमोर बसून तिनं एकेक दोरा बांधला.

आणि आज तिच्याच इमारतीत तिचीच सासू दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकली.

"अगं, जीव घाबरा झालाय माझा! विचार की तुझ्या पोपटाला. जेवताना तर त्याचं कौतुक सरत नाही!"

तिनं जिन्यात उभ्या उभ्या विचारलं. पोपट म्हणाला, "या लिफ्टवरचा उपाय मला आठवत नाही."

"मेल्या, बारा वेळा बिघडलीय ही!"

"क्षमस्व. आणखी काही मदत करू?"

तिनं कपाळावर हात मारला आणि पायरीवर बसून लॅपटॉप उघडला. लिफ्ट जागेवर, शेकडो उपाय जागेवर, पण या लिफ्टचा कुठला ते सांगणारा मधला दोरा मात्र गायब. मग डोक्यात उजेड पडला. सोमवारी मिस्त्री निवृत्त झाला, ऑफिसातून निरोप आला, 'त्यांचं नाव काढा.' हिनं आख्खा ठिपकाच पुसला. आणि सगळे दोरे तर त्याच्यातूनच गेलेले! स्वतःच मेढ उपटायची आणि मांडव पडला म्हणून मांडवाला शिव्या द्यायच्या!

जुनी प्रत चढवायला तास लागणार. आत सासूबाई दारावर चप्पल बडवतायत. नाक मुठीत धरून तिनं मिस्त्रीला फोन लावला.

"मला काढलंत ना ताई?"

"चुकले हो काका. पण सासूबाई आत आहेत!"

"माउली आत आहे? मग भांडण नंतर. तुमच्या लिफ्टचं नेहमीचंच दुखणं, तिसऱ्या मजल्याचं दार खाली झुकलंय, कडी बसत नाही. मुठीला धरून वर उचला, मग दाबा."

ती वर धावली. उचललं, दाबलं. खट्! लिफ्ट हलली.

सासूबाई बाहेर आल्या त्या हातात चप्पल घेऊनच. "पोपटाला पेन्शन दे, मिस्त्रीला परत बोलाव."

"काका," ती फोनवर म्हणाली, "ही युक्ती तुमची?"

"छे! माझ्या जोडीदाराची, बुटक्याची. खांदा लावून दार उचलायचा. तुमचं जाळं यायच्या आधीच वारला बिचारा. तुम्ही विचारायचात, दुरुस्त कुणी केलं? मी म्हणायचो, मी. शिकवलं कुणी, हे विचारलंतच कुठे?"

संध्याकाळी तिनं मिस्त्रीचा ठिपका परत आणला आणि नोकरीच्या दोऱ्याला फक्त शेवटची तारीख बांधली. शेजारी एक नवा ठिपका मांडला आणि त्याच्यापासून दाराच्या युक्तीपर्यंत दोरा ओढला.

तेव्हा मायबापहो, कुठलं दार बसेना झालं तर लाथ घालू नका. हलकेच उचला, आणि त्या बुटक्याला एकदा आठवा.