एक हजार एकोणनव्वदचा कौल

गेवराईजवळच्या त्या गावात मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. अंकनाथ महाराज म्हणे आकड्यांतून देवीचा कौल देत! ज्यानं त्यानं आपल्या शेताचा गट नंबर मनात धरायचा. सातबाऱ्यावरचा तो नंबर खोटा कसा निघेल? इथला गडी लग्नाची तारीख विसरेल, गट नंबर नाही.

महाराज सांगत, "नंबराचे तीन आकडे घ्या. उलटे करा. मोठ्यातून बारकं वजा. आलेलं उलटं करून त्यातच मिळवा. कुणाला सांगायचं न्हाई! सांगितलं की फळ गेलं!"

मग बंद चिठ्ठी हातात. उघडावी तर आत नेमकं आपलंच उत्तर! माणसं घळाघळा रडत. पहिला आणि शेवटचा आकडा सारखा असला, तर मात्र तेवढं आधीच सांगायचं; मग 'देवी रुसली, पुढच्या मंगळवारी ये.'

रामेश्वर काल अशीच चिठ्ठी घेऊन आला, आणि सोबत महाराजांचा हुकूम: लेकीच्या, वर्षाराणीच्या, गोळ्या बंद. सहा वर्षांच्या पोरीला फिट यायच्या. डॉक्टरांच्या गोळ्यांनी वर्षभर एकही आली नव्हती. आज सकाळची गोळी चुकली आणि दुपारी पोर अंगणात ताठ झाली.

"देवी हाय ती," रामेश्वर पुटपुटला.

मनकर्णाचं टाळकंच सरकलं. गेवराईत क्लासला गणित शिकवणारी बाई ती! नवरा चिठ्ठी दाखवीना, म्हणून तिनं म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचे शेवटचे तीन आकडे घेतले, चारशे दोन, आणि महाराजांचा हिशेब केला. मग शेजारच्या म्हशीचे घेतले. पोर शुद्धीवर आल्यावर तिला कडेवर घेऊन ती तडक मांडवात शिरली. मागोमाग रामेश्वर.

"माझं उत्तर मोठ्यानं सांगते. एक हजार एकोणनव्वद!"

"घात केलास बाई!" महाराज किंचाळले. "फळ गेलं!"

"जाऊ द्या गेलं तर! अजून कुणाचं हेच आलंय? कावून गप बसलाव? बोला की!"

म्हातारे विठ्ठलराव चाचरत उठले. "माजं बी त्येच हाय."

"आमचं बी!" "आँ? माजं बी!" मांडवभर चिठ्ठ्या उघडल्या.

"माझ्या म्हशीचं बी हेच आलं. तिच्या बी अंगात देवी हाय का?" हशा पिकला. "अहो, टोकाचे आकडे वेगळे असले की वजाबाकीत मधी नऊच येतो. कडेच्या दोघांची बेरीज नऊच. नव्याण्णव आले तर आधी शून्य लिहा. उलटून मिळवा, उत्तर दुसरं येऊच शकत न्हाई. घरी करून बघा, पोराबाळांना करायला लावा."

महाराज उठून चपला शोधू लागले.

"देवीचा कोप झाला तर?" रामेश्वरनं विचारलं.

"माझ्यावर होऊ द्या. लेकरावर असले खेळ मी चालू देणार न्हाई." तिनं गोळी काढली. रामेश्वरनंच पाण्याचा तांब्या आणला. पोरीनं गोळी गिळली.

मनकर्णा मांडवाकडे वळली. "जो माणूस म्हणतो, तुझं उत्तर शेजाऱ्याला सांगू नको, त्याला तिथंच धरा आन् इचारा, कावून?"