उलट फेरी

तळ्याकाठच्या सायकलींच्या दुकानाचा एक नियम होता, आणि तो काकांनी पंचवीस वर्षांपूर्वी घालून दिला होता. भाड्याने सायकल घेऊन तळ्याच्या फेरीला निघालेल्याने पाणी कायम डाव्या हाताला ठेवायचं. रस्ता छापलेला कागद सोबत मिळायचाच, पण कागद वाऱ्याने उडतो, डावा हात उडत नाही, असं काकांचं म्हणणं. बेचाळीस किलोमीटरची फेरी. आधी फळबागा, मग लव्हाळ्यांचं वळण, मग पंपघर, आणि शेवटी बांधावरून परत दुकान. वाट इतकी अरुंद की समोरून म्हैस आली तर कोणी मागे सरायचं यावर चर्चा करावी लागे.

नियमाचा दुसरा भाग दुकानातल्यांसाठी होता. कोणी सांगितलेल्या वेळेला परतलं नाही, तर उलट बाजूने शोधायला निघायचं, पाणी उजव्या हाताला ठेवून. मागोमाग गेलं तर नुसती धूळ खायची, समोरून गेलं की माणूस आपोआप अंगावर येतो. अशा उलट फेऱ्या मारून काका-काकूंनी किती जणांना आणलं होतं! कोणाची चेन तुटलेली, कोणी नवरा-बायको भांडून दोन झाडांखाली तोंडं फिरवून बसलेले, एक गृहस्थ तर गवतात चक्क घोरत पडलेले. गल्लीतले लोक काकांना चेष्टेने 'फेरीवाले' म्हणायचे आणि काका त्यावर भलते खूश असायचे.

गेल्या दीड वर्षात मात्र काकांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चालली होती. आधी गिऱ्हाइकांचे चेहरे गेले. मग पाना कुठे ठेवला ते गेलं, मग पान्याचं काय करतात तेही गेलं. लेकीचं नाव आठवेना, त्या दिवशी लेक स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली.

लेक शहरात नोकरीला होती. तिने दोन महिने आईच्या मागे एकच टुमणं लावलं होतं.

"आई, ती जागा एकदा बघून तरी ये. तिथे माणसं असतात चोवीस तास. तू एकटी कुठे कुठे पुरी पडणार?"

"मी हातीपायी धड असताना ह्यांना परक्यांच्या हवाली करू?" काकू विषयच तोडून टाकायच्या. काकांना स्वतःचं दुखणं समजत होतं तेव्हाच त्यांनी बायकोकडून शब्द घेतला होता, मला कुठे नेऊन ठेवू नकोस. काकूंनी तो दिला होता, आणि त्या शब्दाच्या पक्क्या होत्या.

तरी त्या मंगळवारी काकू ती जागा बघायला गेल्या. लेकीचं तोंड बंद करायला म्हणून, असं त्यांनी स्वतःला बजावलं. काकांना म्हणाल्या, "बँकेत जाऊन येते हं. बाराला परत." समोरच्या शिंप्याला लक्ष ठेवायला सांगितलं. जागा वाईट नव्हती, उलट चांगलीच होती, आणि त्याचाच काकूंना राग आला. स्वच्छ चादरी, हसऱ्या बाया, आणि फाटकाला हे एवढं कुलूप. परतीच्या बसमध्ये त्यांनी ठरवून टाकलं. नाही म्हणजे नाही. मी असेपर्यंत ते घरीच राहतील.

बस वाटेत रखडली. दुकानाशी पोचायला पावणेदोन झाले. दुकान उघडं होतं आणि काकांची खुर्ची रिकामी होती.

"मघापर्यंत तर इथेच होते हो काकू," शिंप्याचं तोंड एवढंसं झालं. "मी एकाचं माप घ्यायला आत वळलो, तेवढ्यात..."

काकांची काळी सायकल जागेवर नव्हती. काकूंनी घाबरायचं पुढे ढकललं. डोकं विसरलं तरी काकांचे पाय सायकल विसरले नव्हते, आणि सायकलवर ते फेरीशिवाय दुसरीकडे जायचे नाहीत. म्हणजे पाणी डाव्या हाताला. काकूंनी लेकीला फोन करून गाडी घेऊन यायला सांगितलं आणि सायकल काढली. पाणी उजव्या हाताला ठेवून, नियमाप्रमाणे, त्या उलट फेरीला निघाल्या.

वारा समोरून होता. साठी उलटलेली बाई ती, पण पेडल मारताना स्वतःवर दया करत नव्हती. बांधावर दूर कोणी सायकलवाला दिसला की त्या आणखी जोर लावायच्या, जवळ आला की तो भलताच निघायचा. एकदा काळी सायकल दिसली तेव्हा त्या "अहो!" म्हणून ओरडल्यासुद्धा. तो दूधवाला होता.

अकरा किलोमीटरवर पंपघर. पंपवाला बाहेर उभा राहून हात पुसत होता. काकूंना बघून त्याचा चेहरा उजळला.

"हुश्श! सापडलात का काकू? काका तुम्हालाच शोधत गेले की."

"कुठून गेले?"

"इथूनच. तुम्ही आलात तिकडून आले आणि पुढे गेले. तास होऊन गेला. म्हणाले, बायको फेरीला गेलीय, बाराला यायची होती, अजून पत्ता नाही."

काकूंना क्षणभर काही उमगेच ना. मग उमगलं. काका फेरीला निघाले नव्हते, शोधायला निघाले होते. आणि शोधणारा माणूस त्यांच्या दुकानाच्या रीतीने उलटा जातो. दोघं एकाच दिशेने चालले होते, तासाभराच्या अंतराने, एकमेकांना समोरून भेटायला. असे जन्मभर फिरले असते तरी भेटले नसते.

मी त्यांना बारा का सांगितले, असं म्हणत आणि रडत त्या पुढचा रस्ता कापत राहिल्या. नाकडोळे पुसायला हँडल सोडवत नव्हतं.

लव्हाळ्यांच्या वळणावर काळी सायकल दिसली. नीट स्टँडवर लावलेली, शेजारी बूट जोडीने काढून ठेवलेले. पाण्याला लागून काका बसले होते, अंगावर कोणाचं तरी घोंगडं, दात कडकड वाजत होते. ते घोंगडं एका कोळ्याचं होतं. तो होडी ओढून काठाला लावत होता.

"छातीएवढ्या पाण्यात गेले होते बघा," तो म्हणाला. "मी हाका मारतोय, तर म्हणतात, ती आत आहे, तिला पोहता येत नाही. ओढून काढताना मलाच दोन ठेवून दिल्या."

काकूंना खरंच पोहता येत नव्हतं. लेकीचं नाव गेलं, पाना गेला, आणि हे एवढं राहिलं होतं. त्या काकांसमोर गुडघे टेकून बसल्या. काकांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"बाई, तुम्ही बांधावरून आलात ना? वाटेत कोणी दिसलं का? उंचीने कमी आहे. जरा हट्टी आहे."

"दिसल्या की. घरी पोचल्या त्या."

"नक्की?"

"अगदी नक्की."

"मग मला निघायला हवं," काका उठायची धडपड करू लागले. "मी गेल्याशिवाय ती जेवायची नाही."

काकूंनी फोनवर वळण सांगितलं, तशी लेक गाडी मुख्य रस्त्यावर उभी करून धावत आली. दोघींनी काकांना दोन बाजूंनी धरून चालवत नेलं. काका मागच्या सीटवर झोपी गेले.

"उद्या त्या कुलूपवाल्यांना फोन कर," काकू म्हणाल्या. "जागा आहे का विचार."

"आई, तू तर नको म्हणत होतीस."

"मला साफ विसरले असते ना, तर घरीच ठेवलं असतं गं. मी कोपऱ्यावर भाजी आणायला जाईन, दहा मिनिटं उशीर होईल, आणि हे पाण्यात उतरतील." शब्द मोडला होता, आणि मोडायला कारण काय, तर नवऱ्याचं प्रेम. असलं कारण कोणाला सांगायचं?

शुक्रवारी काकांना तिथे पोचवलं. ते खोलीत जाऊन खिडकीशी बसले आणि जाळीतून पलीकडे रस्ता कुठवर जातो ते बघू लागले. टेबलामागच्या बाईंनी काकूंची सही घेतली आणि पेन उचललं.

"भेटायला कधी येणार तुम्ही?"

"रोज."

"साधारण किती वाजता? म्हणजे आम्ही त्यांना आधी सांगून ठेवतो. बरं वाटतं त्यांना."

"नका," काकू एकदम म्हणाल्या. बाई चकित होऊन बघू लागल्या तशा काकू टेबलावर वाकल्या आणि हलक्या आवाजात, काकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलल्या, "वेळ सांगू नका. मी येणार आहे, हेच त्यांना सांगू नका."