अंगठ्याएवढा सेनापती

साहसकथेचा नायक उंदीर होता आणि मुखपृष्ठावर तो उंदराएवढाच दिसतो, अशी प्रकाशकसाहेबांची तक्रार होती.

“बाई, याच्या मागे सैन्य जाईल का? निदान समोरच्या मांजराएवढा तरी करा. नाहीतर मी दुसऱ्या कुणाला तरी बघतो.”

चित्रकारबाईंचं हे पहिलंच मुखपृष्ठ, हातचं घालवून चालणार नव्हतं. पण मांजराएवढा उंदीर मांजरासमोर उभा राहिला, तर त्यात शौर्य ते कसलं? ते नुसतं शेजाऱ्यांचं भांडण.

घरी येऊन त्यांनी उंदराला हातही लावला नाही. मांजर मात्र इतकं वाढवलं, की कागदावर त्याचा एक पंजाच मावला. पंजासमोर तलवार उपसलेला अंगठ्याएवढा सेनापती, आणि त्याच्या मागे सगळं सैन्य, जीव मुठीत धरून, पण उभं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चित्र हातभर लांब धरून पाहिलं.

“आत्ता कसं! वाढवलात ना? मी काय सांगत होतो?”

“तुमच्या सांगण्यामुळेच वाढला, साहेब.”

चित्र तडक छपाईला गेलं.

“पुढच्या पुस्तकात मुंगी आहे,” साहेब म्हणाले. “तीही तुम्हीच करा. फक्त जरा भरभक्कम काढा.”