मागच्या खोलीच्या चपला

मागच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत निळ्या रबरी चपलांचा एकच जोड असतो. तो जोड बाहेर येत नाही.

*

खारूच्या चित्रात पाच पायांचा कुत्रा. "पाचवा कशाला गं?"
"एखादा दुखला तर."

*

सकाळी तिला कपाचा कान धरता येईना. बोटं लाकडाची झाल्यासारखी.

*

टेलरमास्तर दवाखान्याच्या काउंटरपाशी उभे. मापाची टेप गळ्यात तशीच राहिलेली. "एवढंसं पिल्लू, मॅडम. आणि रक्त केवढं जातंय."

*

सोनोग्राफीच्या पडद्यावर राखाडी ठिपके. त्यात एक हात हलला. मग पडदा दुसरीकडे वळवण्यात आला.

*

ती जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि मागची खोली तिच्याकडे होती. पार्वो झालेली, उलट्या आणि रक्ताचे जुलाब लागलेली पिल्लं त्या खोलीत ठेवत. सगळ्यांत शेवटी तिथे जायचं, बाकीची जनावरं आटोपल्यावर. दारात चपला बदलायच्या, आतला अंगरखा चढवायचा, आतली फडकी आतच ठेवायची. फरशी ब्लीचने पुसायची, कारण फिनाइलला हा विषाणू भीक घालत नाही. मातीत, फटीत, चपलेच्या तळाशी वर्षभर दबा धरून बसतो. बाहेर पडताना कोपरापर्यंत हात धुवायचे. घरी गेल्यावर आधी अंघोळ, मग कुणाला शिवायचं. नवऱ्याने एकदा चेष्टेने दार अडवलं होतं तर ती त्याच्यावर खरोखर ओरडली होती.

टेलरमास्तरांच्या पिल्लाचं नाव बटण. ओकून ओकून त्याचं पोट पाठीला लागलं होतं. तिने त्याच्या काडीएवढ्या पायाची शीर शोधून सलाईन लावलं आणि कानात म्हणाली, "तुटायचं नाही हं."

त्याच महिन्यात तिला दिवस गेले. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, सगळ्यांनी विचारणं सोडून दिल्यावर.

*

सासूबाई : त्या घाणीत हात घालतेस, आणि तेच हात पोटावर फिरवतेस.

ती : आई, कुत्र्यांचा पार्वो माणसांना होत नाही.

सासूबाई : कुत्र्यांनी सांगितलं वाटतं?

ती : डॉक्टर मॅडमनी सांगितलं. पुस्तकातही आहे.

सासूबाई : पुस्तकाला काय, त्याच्या पोटात थोडंच वाढतंय.

आणि नवरा, जेवणाच्या ताटावरून मान न उचलता : "तुझं बरोबर असेल गं. पण आईच्या जिवाला घोर लागलाय. बाळ होईपर्यंत सोड ना. कुत्री कुठे पळून जातायत?"

"पळत नाहीत," ती म्हणाली. "मरतात."

*

तिचं बरोबरच होतं. पण बरोबर असणंही रोज उठून किती वेळा सांगायचं? तिने दवाखाना सोडला. शेवटच्या दिवशी निळ्या चपला ब्लीचमध्ये बुडवून काढल्या, टाचा भिंतीला लावून ठेवल्या. बटणने शेपटी हलवायचा प्रयत्न केला. नुसता प्रयत्नच.

सासूबाईंनी त्या संध्याकाळी तिला गरम दूध आणून दिलं. स्वतःच्या हाताने. "आता कशी माणसात आलीस," म्हणाल्या.

*

घरात ननंदेची मुलगी होती, खारू. खरं नाव शाळेपुरतं. ननंद वरच्याच मजल्यावर राहायची आणि दिवसभर नोकरीवर. खारूच्या वर्गात सर्दीची साथ होती, अर्धे बाक रिकामे, म्हणून ननंदेने तिला घरी ठेवलं.

"वहिनी, तू आता घरीच आहेस ना? हिला सोडून जाऊ? आईच्याने हिच्यामागे धावणं होत नाही."

"जा की. मला तरी कोण आहे बोलायला."

मग रोज दवाखाना. खारू पिल्लू, मामी डॉक्टर. मनगटाला लोकरीचा धागा बांधला की सलाईन लागलं. खारू मामीच्या मांडीवर डोकं ठेवून कण्हायची, मध्येच एक डोळा उघडून विचारायची, "मी वाचणार ना?" मामीने अर्धा खाल्लेला पेरू तिने खायचा, तिचं उरलेलं दूध मामीने प्यायचं. घरातल्या घरात कोण चपला बदलतं?

एका सकाळी खारू लाल गाल घेऊन खाली आली. दोन्ही गाल, जणू कुणी सणसणीत वाजवलीय.

"कुणी गं दिली थोबाडीत?" मामी हसली.

"आमच्या खारूला सफरचंदं लागलीत," आजी म्हणाली.

ताप नव्हता. दंडावर जाळीदार पुरळ आलं आणि आपोआप गेलं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

नंतर मामीची बोटं आखडली. सासूबाईंनी तेल चोळून दिलं. "घरी बसलं की असं होतं. कामाची सवय ना तुला," म्हणाल्या, आणि किंचित ओशाळल्या.

*

पार्वोचे दोन्ही विषाणू वेगळे. कुत्र्यांचा कुत्र्यांना, माणसांचा माणसांना. पण खोड एकच. जिथे पेशी भराभर वाढतात तिथेच ते घर करतात. पिल्लाच्या आतड्यात. न जन्मलेल्या बाळात, जिथे रक्त तयार होतं तिथे.

तिला अर्धंच माहीत होतं. कुत्र्यांचा माणसांना होत नाही, एवढंच. माणसांचाही एक असतो, हे विचारायची तिला कधी गरजच पडली नव्हती.

*

पोटातल्या बाळाच्या अंगात पाणी साठलं होतं. हृदयाभोवतीसुद्धा. डॉक्टर म्हणाले, बाळाचं रक्त तयार होणं थांबलंय, पातळ रक्त ढकलून ढकलून हृदय दमलंय. मोठ्या इस्पितळात सुईने बाळाला रक्त देता येईल. तिथली वेळ मिळाली. त्या वेळेच्या आदल्या दिवशी ठोके थांबले.

मग तपासणीचं उत्तर आलं. नवरा औषधं आणायला खाली गेला होता.

"घरात कुणा लहान मुलाचे गाल लाल झाले होते?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो."

"गाल लाल होतात तेव्हा त्या मुलापासून हा विषाणू कुणाला लागत नाही. लागतो त्याच्या आधी, नुसती सर्दी वाटते तेव्हा. बहुतेक बायकांच्या बाळांना काही होतही नाही. तुमच्या बाबतीत झालं."

नवरा परत आला. त्याने कागद हातात घेतला, 'पार्वो' हा एकच शब्द ओळखीचा होता तो वाचला, आणि पुढे काही ऐकलंच नाही.

*

"म्हटलं होतं ना मी! म्हटलं होतं!" सासूबाई भिंतीला टेकून रडत होत्या. रडणं खरं होतं. "त्या मेल्या कुत्र्यांनी खाल्लं माझं नातवंड. आधीच सोडायला हवी होती ती नोकरी, आधीच."

ननंद स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या कुर्त्याचं टोक धरून खारू. मनगटाला लोकरीचा धागा तसाच.

"वहिनी," ननंदेने हळूच विचारलं, "खरंच कुत्र्यांमुळे?"

एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललं असतं तर मागची खोली परत मिळाली असती. बटणच्या आणि पुढे येणाऱ्या सगळ्या पिल्लांच्या माथ्यावरचं खापर उतरलं असतं. आणि ते कुठे जाऊन बसलं असतं, हेही तिला समोर दिसत होतं. सासूबाई चांगल्या होत्या, पण विसरणाऱ्या नव्हत्या. हे घर खारू मोठी होईपर्यंत, तिचं लग्न होईपर्यंत, तिला दिवस जातील तेव्हासुद्धा, ते वाक्य जपून ठेवणार होतं.

"हो," ती म्हणाली. "कुत्र्यांमुळेच."

खारूने धागा सोडला आणि मामीच्या बोटाला बांधला. घट्ट. बोट अजून दुखत होतं.

*

फोनवर मॅडम :

"मी येते घरी. समजावते सगळ्यांना. हे खोटं आहे, तुला माहितीये."

"माहितीये."

"मग?"

"ती सहा वर्षांची आहे, मॅडम. कुत्र्यांना काय, त्यांना कुणी काहीही म्हणा."

पलीकडे एक पिल्लू केकाटत होतं.

"बटण वाचला," मॅडम म्हणाल्या. "मास्तरांनी कोट शिवलाय त्याला. तीन बटणांचा." मग, "परत कधी येतेस?"

"आता कोण येऊ देणार?"

"तुझ्या चपला आहेत इथे."

"त्या माझ्या नाहीत. त्या खोलीच्या आहेत."

*

तिने दवाखाना सोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी खारूचं नाक वाहत होतं. रुमाल सापडेना, म्हणून मामीने ते आपल्या बाहीने पुसलं.