उलट्या झुकलेल्या पट्ट्या

वहिनीचा आपल्या नणंदेवर पहिल्यापासूनच बारीक डोळा होता, पण त्या संशयाला हातपाय फुटले ते खिडकीच्या ब्लाइंड्समुळे.

वहिनी दातांच्या कवळ्या घडवायची. एखादा दात केसभर उंच राहिला तरी माणसाला धड जेवता येत नाही, त्यामुळे केसभराचा फरक हेरायची तिच्या डोळ्यांना खोडच लागली होती. थंडीचे दिवस होते. सकाळी कामावर जाताना ती आपल्या खोलीतले ब्लाइंड्स बंद करायची, पट्ट्यांची वरची कड काचेकडे. एका संध्याकाळी आली, तर ब्लाइंड्स बंदच होते, पण वरची कड खोलीकडे झुकलेली.

घरात तिच्याखेरीज होत्या फक्त वन्सं, म्हणजे तिच्या नवऱ्याची बहीण. नवरा गेल्यापासून वहिनी एकटीच राहायची. गेल्या उन्हाळ्यात वन्संना भाड्याचं घर सोडावं लागलं आणि त्या दोन बॅगा घेऊन "थोडे दिवस" म्हणून आल्या. आल्या त्याच आठवड्यात सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं, "आईच्या बांगड्या तुमच्याकडेच आहेत ना, वहिनी?" ते वाक्य वहिनीच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. बांगड्या होत्या तिच्याच खोलीतल्या कपाटात.

आता ती रोज बघू लागली. पट्ट्या रोज उलट्या. खुर्ची जराशी खिडकीकडे सरकलेली. आणि खोली चक्क कोमट! तिनं हीटरला हात लावून पाहिला, तो गार. म्हणजे वन्सं हीटर लावून निवांत कपाट उचकतात आणि तो थंड होईल अशा बेतानं निघून जातात, असा हिशोब तिनं मांडला.

"आज दिवसभर काय केलंत, वन्सं?" तिनं चहाचा कप पुढे करत विचारलं.

"काय करणार? माझ्या खोलीत पडून होते," वन्सं कपात बघत म्हणाल्या.

धडधडीत खोटं!

कवळ्यांच्या कामावरची तिची मैत्रीण, जिला सगळे चिमणी म्हणायचे, या बाबतीत फार हुशार. "कपाटाच्या फटीवर एक केस चिकटवून ये. दार उघडलं की तो सुटलाच."

संध्याकाळी केस जागच्या जागी होता. दुसऱ्या कुणाचा जीव भांड्यात पडला असता. वहिनीचा संशय मात्र दुणावला. वन्संची उभी हयात टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेलेली. एक केस परत चिकटवणं त्यांना काय जड?

शेवटी तिनं पोट दुखण्याचं निमित्त केलं आणि भर दुपारी घर गाठलं. रस्त्यावरूनच वर पाहिलं. तिच्या खिडकीचे ब्लाइंड्स पार वरपर्यंत ओढलेले! ती जिना चढली, आवाज न करता कुलूप उघडलं आणि खोलीचं दार ढकललं.

कपाट बंद होतं. वन्सं तिच्या खुर्चीत बसल्या होत्या. दोन्ही पाय खिडकीखालच्या स्टुलावर, पायजमा गुडघ्यांच्या वर ओढलेला, आणि गुडघे उन्हात. दोन्ही सुजून टम्म झालेले.

वन्सं धडपडत उठायला गेल्या, पण उठता येईना.

"बसा," वहिनी म्हणाली. मग न राहवून, "रोज काय शोधत असता इथे?"

"शोधते? अहो, ऊन खाते. माझ्या खोलीत हिवाळाभर सूर्याचं दर्शन नाही. भिंतीसुद्धा ओल्या लागतात."

"मग सांगायचं नाही?"

"काय सांगू? आधीच तुमच्या घरात येऊन बसलेय. त्यात आता खोलीही मागू?" वन्संनी पायजमा खाली ओढला. "ऊन कलायच्या आधी ब्लाइंड्स सोडून, पट्ट्या आतल्या बाजूला मिटून जाते. आत आलेली ऊब काचेवाटे निघून जाऊ नये म्हणून. संध्याकाळी तुम्हाला खोली गार लागत नाही ना?"

मोठी, उन्हाची खोली वहिनीनं स्वतःकडे ठेवली होती आणि वन्संना मागची दिली होती, ती काही नकळत नव्हे.

तेवढ्यात वन्संच्या डोक्यात प्रकाश पडला. "थांबा. तुम्हाला वाटलं, मी बांगड्या..."

"वाटलं," वहिनी म्हणाली.

वन्संचा चेहरा पडला. "विचारायला नको होतं मी तेव्हा," त्या म्हणाल्या. "पण आईची आठवण म्हणून एकदा हातात घालून बघायच्या होत्या, एवढंच."

वहिनीनं कपाट उघडलं. केस कुठेतरी पडला, तिनं पाहिलंही नाही. चारही बांगड्या तिनं वन्संच्या मांडीवर ठेवल्या. वन्संनी दोन चढवल्या, दोन परत केल्या.

त्या रविवारी दोघींनी मिळून वन्संची कॉट ओढत उन्हाच्या खोलीत आणली. कॉट दारात अडकली. वन्सं म्हणाल्या तिरकी करा, वहिनी म्हणाली उभी करा, आणि दोघींचं कडाक्याचं वाजलं. अखेर ती तिरकीच आत गेली. तेव्हापासून ब्लाइंड्स उघडायचं आणि मिटायचं काम वन्संकडे आलं. वन्सं घोरतात, ही वहिनीची नवी तक्रार. चिमणीनं कानात कापसाचे बोळे घालायला सुचवलं. वहिनीनं पहिल्याच रात्री ते काढून ठेवले, कारण काही ऐकूच येईना म्हटल्यावर तिला झोप लागेना.