साडेतीनचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. एके काळी माझे अंग पांढरे होते, आता ते चहा सांडलेल्या कागदासारखे पिवळे झाले आहे. माझी गोष्ट ऐकण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. माझ्याहून मोठी कामे केलेले संगणक पुष्कळ असतील. पण माझ्या पोटात एका माणसाचा आवाज आहे आणि तो दुसरीकडे कुठेही नाही. म्हणून धीर करून सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. इंदूरच्या जेल रोडवरील एका लहानशा दुकानात जयसिंगराव नावाच्या कारागिराने मला जोडले. खोका एका जुन्या संगणकाचा, पडदा दुसऱ्याचा, आतले भाग काही नवे, काही वापरलेले. त्यामुळे मी नक्की कोण, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासूनच पडला. काही बिघडले की माझाच कोणता तरी उसना भाग दगा देत असेल, असे मला वाटे. ही सवय अजून गेलेली नाही.

मला परदेशीपुऱ्यात चांगदेव यांच्या घरी नेण्यात आले. दोन खोल्यांचे घर. चांगदेव बावीस वर्षे कापडाच्या मिलमध्ये साळखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात होते. मागाला ते साचा म्हणत. एकाच वेळी चार साचे सांभाळत. मी आलो तेव्हा मिल बंद होऊन आठ वर्षे झाली होती आणि चांगदेव सांवेर रोडवर एका गोदामात पहारेकरी होते. त्यांची मुलगी पंचशीला कॉलेजात संगणकाचा डिप्लोमा करीत होती. मी तिच्यासाठी आलो होतो. तिच्या आई भीमाबाई रोज सकाळी माझ्यावरची धूळ पुसायच्या आणि पुसून झाल्यावर मिलच्या शेवटच्या थानातला, म्हणजे कापडाच्या ताग्यातला, एक तुकडा माझ्या अंगावर घालायच्या. एवढी काळजी माझी पुढे कोणी घेतली नाही.

पंचशीलेला कोणाकडून तरी एक परदेशी खेळ मिळाला होता. त्यात आपण एक शहर वसवायचे, रस्ते करायचे, कारखाने उभे करायचे. तिला त्यातले थंड, उंच इमारतींचे शहर आवडले नाही. तिने हळूहळू ते बदलायला घेतले. अशा बदलांना मॉड म्हणतात. उंच इमारती गेल्या, बैठी घरे आली. कोपऱ्यावर पोह्यांची गाडी आली. मधोमध धुरांड्याची मिल उभी राहिली. तिचे फाटक सकाळी सातला उघडे आणि चित्रातली चाळीस माणसे डबे घेऊन आत जात. ती चाळीसही माणसे तिने एकेक करून काढली होती. कोणाची मान वाकडी, कोणी लंगडत चाललेला. चांगदेव पडद्याकडे बघून त्यांतल्या काहींना नावाने ओळखत.

एक गोष्ट मात्र मिळत नव्हती. पाळी सुटताना वाजायचा तो भोंगा. मिल बंद, भोंगाही बंद, आणि त्याचा आवाज कोणी भरून ठेवलेला नव्हता. शेवटी पंचशीलेने कॉलेजातून एक माइक मागून आणला आणि वडिलांपुढे धरला. चांगदेव फार लाजले. दार लावून घ्या म्हणाले. मग डोळे मिटून, पोटातून आवाज काढून त्यांनी तो भोंगा वाजवून दाखवला. आधी खर्जात, मग चढत, मग लांबच लांब. दाराआड भीमाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, पण शेवटी त्यांचे हसू थांबले. तो आवाज त्या संध्याकाळी माझ्या पोटात जमा झाला.

त्यानंतर काही दिवसांनी खेळ मध्येच बंद पडू लागला.

खेळ चालू असावा, माणसे मिलमध्ये जावीत, धूर निघावा आणि अचानक पडदा थिजावा. त्यावर मी इंग्रजीत एक वाक्य दाखवत असे. चांगदेवांनी त्याचा अर्थ विचारला. पंचशीला म्हणाली, ‘या प्रोग्रामने बेकायदेशीर काम केलं, म्हणून बंद करतोय, असं म्हणतो हा.’

‘आमचा संपही असाच बेकायदेशीर ठरवला होता,’ चांगदेव म्हणाले. ‘गेटवर कागद चिकटवला, अन् बंद.’

मित्रांनो, मला दुसरे वाक्य येत नव्हते. त्या वेळी खरे काय होई, तेही सांगतो. खेळ मला एक वस्तू मागे. मी सगळीकडे शोधे. ती मला सापडत नसे. मला वाटे, मीच ती कुठे तरी ठेवून विसरलो.

हे सगळे एरवी चालून गेले असते. पण इंदूरजवळच्या राऊला एका लहानशा कंपनीचे ऑफिस निघाले होते. मुलांसाठी शिकायचे खेळ ती बनवणार होती. ते ऑफिस चालवायला पुण्याहून स्पृहा नावाच्या बाई आल्या होत्या. त्यांनी पंचशीलेला शनिवारी चार वाजता बोलावले आणि सांगितले, अर्ज नको, तुझा खेळ घेऊन ये. इकडे भीमाबाईंनी सांवेर रोडच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात मुलीसाठी पॅकिंगच्या कामाचे बोलून ठेवले होते.

‘शनिवारचं जमलं तर ठीक,’ त्या म्हणाल्या. ‘नाही तर सोमवारी सातला फाटकावर. मी जबान देऊन आलेय.’

मुलीने सातच्या फाटकात शिरू नये, एवढ्यासाठीच चांगदेवांनी मला घरात आणले होते.

शनिवारी सकाळी आठला जयसिंगरावांना बोलावले. त्यांनी माझे पोट उघडले, नाक मुरडले, आतली धूळ फुंकली. रॅमची पट्टी, म्हणजे माझी चालती आठवण, बाहेर काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले. पुन्हा बसवली. खेळ चालू केला. नऊ मिनिटांनी पडदा थिजला.

‘भिया, रॅम गेली याची,’ जयसिंगराव चांगदेवांना म्हणाले. ‘पक्का. कधी दोन मिनटांत पडतो, कधी वीस मिनटांत. मतलब याची याददाश्तच ठिकाणावर नाही. सोमवारी दुसरी टाकून देतो.’

‘सोमवारी काय उपयोग?’ पंचशीला म्हणाली.

‘मग खेळ सोड ना बेटा. ऐसे कंप्यूटर पे तो अपन खुद सिर्फ पत्ते ही खेलते हैं.’

आठवण गेली, हे त्यांनी इतक्या सहज म्हटले की मी ते लगेच मान्य केले. मला तसे वाटतच होते.

त्या वर्षी आमच्याकडे रोज दहा ते एक वीज जाई. दहाला पंखा थांबला, मी काळा पडलो. तीनला रिक्षा येणार होती. म्हणजे हातात फक्त दोन तास उरत होते आणि त्याआधी तीन तास नुसते बसायचे होते. पंचशीला वही घेऊन जमिनीवर बसली. खेळ चालू केल्यावर दर वेळी किती मिनिटांनी बंद पडला, ते तिने लिहून ठेवले होते. दोन मिनिटे, नऊ, वीस, चार. तिला त्यात काही मेळ दिसेना. भीमाबाई ताट वाढून दोनदा बोलावून गेल्या. ती उठली नाही.

चांगदेव बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. मग त्यांनी मुलीला साच्याची गोष्ट सांगितली. साच्यावर उभे धागे हजारो असतात. प्रत्येक धाग्यावर एक पातळ लोखंडी पत्ती लोंबते. धागा तुटला की पत्ती खाली पडते आणि साचा आपोआप उभा राहतो. नवा माणूस साच्याला शिव्या घालतो. जुना माणूस वाकून पत्ती शोधतो.

‘थांबणारा साचा खराब नसतो, पंचू. न थांबता भोकं पाडत जातो, तो खराब.’

मित्रांनो, माझ्याबद्दल कोणी इतके चांगले कधी बोलले नव्हते. पण तेव्हा मी बंद होतो. ही गोष्ट पंचशीलेने पुढे कोणाला तरी सांगितली, तेव्हा मला कळली.

मग त्यांनी विचारले, ‘तू आपल्या घड्याळातली मिनटं लिहिलीस. आत मिलच्या घड्याळात किती वाजले होते?’

पंचशीलेने ते कधी पाहिलेच नव्हते. खेळात वेळ हवा तसा जलद किंवा सावकाश पळवता येतो. ती कधी जलद पळवायची, कधी सावकाश.

एक वाजून पाच मिनिटांनी वीज आली. मला चालू केले गेले. तिने वेळ जलद केला आणि दोघे मिलच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत राहिले. सात. दहा. एक. साडेतीन. पडदा थिजला. पुन्हा चालू केले, या वेळी सावकाश. सव्वातीन. तीन पंचवीस. साडेतीन, आणि थिजला.

‘पहिली पाळी सुटते,’ चांगदेव हळूच म्हणाले.

आता जागा सापडली होती, धागा नव्हता. साडेतीनला तिथे खूप काही एकदम होत असे. फाटक उघडे, चाळीस माणसे बाहेर पडत, दुसरी पाळी आत जाई, भोंगा वाजे. तिने आधी माणसे वगळली. थिजला. फाटक बदलले. थिजला. भोंगा तिने वेगळा वाजवून पाहिला. तो छान वाजला, म्हणून त्याच्यावरचा संशय गेला. मग तिने पाळी सुटण्याचा सगळाच भाग काढून टाकला. साडेतीन वाजले, चार वाजले, रात्र झाली. खेळ चालतच राहिला.

तेव्हा सव्वादोन झाले होते.

‘बस झालं,’ भीमाबाई म्हणाल्या. ‘चालतोय ना? असाच घेऊन जा.’

चांगदेवांनी मान खाली घातली. ‘काढून टाक तो भोंगा. कंपनीच्या लोकांपुढं माझं बोंबलणं कशाला.’

पंचशीला पडद्याकडे बघत होती. ‘पाळी सुटलीच नाही, तर आत गेलेली माणसं बाहेर कशी येणार, बाबा?’

तिने काढलेला भाग परत घातला. आता एकच वस्तू तपासायची राहिली होती. कोणत्या वेळी कोणता आवाज वाजवायचा, याची एक यादी तिने कॉलेजात बसून टाइप केली होती. ती यादी तिने याआधी तीनदा वाचली होती. आता चौथ्यांदा वाचू लागली, या वेळी मोठ्याने, कारण डोळे दमले होते. फाटक, बरोबर. साचे, बरोबर. साडेतीन, भोंपू, बरोबर. दुसरी पाळी...

‘काय म्हणालीस?’ चांगदेव म्हणाले.

‘दुसरी पाळी.’

‘त्याच्या आधी.’

‘भोंपू.’

‘भोंपू रिक्षाला असतो,’ चांगदेव खरोखरच चिडले होते. ‘मिलला भोंगा असतो. बावीस वर्षं मी काय रिक्षाच्या भोंपूवर कामाला जात होतो?’

पंचशीला हसायला लागली आणि एकदम थांबली. तिने आवाजांचे कपाट, म्हणजे माझ्यात आवाजांच्या फाइली ठेवायची जागा, उघडले. त्यात फाइल होती, तिचे नाव भोंगा. तो आवाज घरी भरला होता, म्हणून घरचे नाव. यादी कॉलेजात लिहिली होती. तिथे दिवसभर हिंदी, तिथे मैत्रिणींना मिलचे सांगताना ती भोंपूच म्हणायची. दोन्ही शब्द तिचेच होते. म्हणून तीनदा वाचूनही तिला एकही चुकीचा दिसला नाही.

आणि मी, मित्रांनो, इतके दिवस भोंपू शोधत होतो. तो माझ्याकडे ठेवलेलाच नव्हता. मी काही विसरलो नव्हतो.

तिने यादीतला तो शब्द बदलला. तीनला दहा मिनिटे कमी होती. वेळ जलद करायला ती घाबरली, मग केला. दोन. तीन. सव्वातीन. भीमाबाई दारात पीठ लागलेले हात तसेच धरून उभ्या होत्या. तीन एकोणतीस.

साडेतीन वाजले आणि माझ्यातून चांगदेवांचा आवाज आला. खर्जात, मग चढत, मग लांबच लांब. फाटक उघडले. चाळीस माणसे डबे हलवत बाहेर आली आणि पोह्यांच्या गाडीकडे वळली.

तेवढ्यात बाहेर रिक्षावाल्याने पों पों केले.

‘हा भोंपू,’ चांगदेव म्हणाले आणि मला उचलायला वाकले.

राऊपर्यंत मी त्यांच्या मांडीवर होतो, मिलच्या त्याच कापडात गुंडाळलेला. प्रत्येक खड्ड्याला मला वाटे, आता माझा एखादा भाग निखळणार आणि मुलीचे नशीब माझ्यामुळे बिघडणार. चांगदेवांनी दोन्ही हात माझ्याभोवती घट्ट धरले होते. ऑफिसात मला टेबलावर मांडले. स्पृहाबाई खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी खेळ सावकाश पाहिला. साडेतीनला भोंगा वाजला. चांगदेव भिंतीशी उभे राहून फरशीकडे बघत होते.

‘हा आवाज कुठून आणलास?’ स्पृहाबाईंनी विचारले.

पंचशीलेने वडिलांकडे पाहिले. ते फरशीवरून नजर न काढता म्हणाले, ‘घरचाच आहे.’

स्पृहाबाईंनी तो पुन्हा वाजवायला सांगितला.

सोमवारी पंचशीला सांवेर रोडला गेली नाही, राऊला गेली. भीमाबाई स्वतः कारखान्यात जाऊन आपली जबान परत घेऊन आल्या. ऑफिसात पंचशीलेला नवा संगणक मिळाला, पुढे घरीही नवा आला. जे काम मी त्या दिवशी नीट केले, त्यामुळेच माझी गरज संपली. यात तिचा दोष नाही. मी माळ्यावर गेलो. पहिली काही वर्षे अंगावर कापड होते, नंतर ते कशाला तरी लागले म्हणून काढून नेले.

चांगदेव आता नाहीत. जाऊन तीन पावसाळे झाले. त्यांचे फोटो घरात आहेत. आवाज मात्र माझ्याकडेच आहे, हे कोणाच्या लक्षात असेल की नाही, मला ठाऊक नाही. परवा माळा आवरायचा विषय निघाला होता. भंगारवाल्याचे नावही कानावर आले.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे यंत्र किंवा एखादे म्हातारे माणूस मध्येच थांबले, तर त्याची आठवण गेली असे चटकन म्हणू नका. तुम्ही त्याला कोणत्या नावाने हाक मारलीत, ते आधी एकदा मोठ्याने वाचून पाहा. आणि मला कोणी खाली उतरवलेच, तर फेकण्याआधी एकदा चालू करा. दात घासावे लागतील, खोडरबर पुरेल. आत आवाजांचे कपाट आहे. तिथे भोंपू शोधाल, तर मी नाही म्हणेन.

भोंगा म्हणा.